गावची झेडपी की तालुक्याची मोठी शाळा?

पोरीची सातवी झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी हाच विषय निघतो. गावात जिल्हा परिषदेचं हायस्कूल आहे, पण आठवी ते दहावीची सगळी मुलं मिळून तीन-चार सतरंज्यांवर मावतात. तालुक्याच्या अनुदानित शाळेत एकेक तुकडीच खचाखच भरलेली.

पटाचा आकडा विचारण्याआधी पटावर कोण आहे ते बघा. ज्यांच्याकडे ओलिताचं वावर, त्यांची मुलं केव्हाच तालुक्याला गेली. गावात राहिली ती कोरडवाहूवाल्यांची, मजुरांची, पोडावरच्या कोलामांची, तांड्यावरच्या बंजाऱ्यांची. त्यात मुलीच जास्त, कारण भावाला बाहेर धाडलं की बहिणीला गावातच ठेवतात. माझ्या मते लहान शाळेचं बळ इथंच आहे. वेचणीच्या दिवसांत एका मुलीचं नाव घेतल्यावर मागून आवाज आला, "आईसंगं कापसात गेली, सर." संध्याकाळी सर तिची वही घेऊन तिच्या दारात उभे होते. साठ-सत्तरच्या वर्गात त्या दिवशी नुसती गैरहजेरी लागली असती.

पण धोकाही खरा आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते, तीही आधार जुळलेल्या मुलांवर. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो, आणि एकच शिक्षक मराठीपासून भूमितीपर्यंत सगळं ओढतो. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक मिळतात, प्रयोगशाळाही असते.

पैशाचा फरक वाटतो तेवढा नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. प्रश्न आहे तो संध्याकाळची बस चुकली तर, किंवा नाल्याला पूर आला तर काय, याचा. आठवीत द्यायच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. झेडपी आणि अनुदानित, दोन्हीकडची मुलं ती देऊ शकतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतली नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना एकच विचारा: गणित-विज्ञानाला कायम शिक्षक आहे का? आमच्याकडे बाई आहेत, म्हणून माझी मुलगी गावातच आठवीला बसली. शेजारच्या गावात ती जागा रिकामी आहे. तिथं राहत असतो, तर मी तिला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं असतं.