फळी सपाट करण्याचे राउटर बिट : आधी शँक पाहावा, मग रुंदी

रंध्याच्या यंत्रात न मावणारी रुंद फळी रुळांवर सरकणाऱ्या स्लेडमध्ये (राउटर धरणाऱ्या पाटात) राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे हातयंत्र, बसवून सपाट करताना कोणते बिट (त्यात बसणारे कापायचे टोक) घ्यावे, हा प्रश्न बहुतेक जण रुंदीवरून सोडवतात. मीही प्रथम तसेच केले आणि ५० मिमी व्यासाचे, डाख देऊन पाती जोडलेले बिट घेतले. काम भराभर उरकले, परंतु माझ्या मध्यम ताकदीच्या राउटरला ते पेलवेना. गाठ आली की मोटरचा आवाज बसे आणि स्लेड थरथरू लागे. शिवाय राउटर किंचित कललेला असेल, तर रुंद बिट ती चूक चव्हाट्यावर आणते. अवघ्या ०.२ अंशाच्या कलाने ५० मिमी बिटाची एक कड दुसरीपेक्षा सुमारे ०.१७ मिमी खोल जाते, आणि दोन पट्ट्यांच्या सीमेवर बोटाला लागेल अशी पायरी उरते.

सध्या वापरतो ते बिट ३८ मिमी व्यासाचे, अर्धा इंची शँकचे (शँक म्हणजे राउटरमध्ये पकडला जाणारा बिटाचा दांडा) आणि स्क्रूने बसवलेल्या कार्बाइड पात्यांचे आहे. शँकचा आग्रह उगाच नाही : पाव इंचाचा अर्धा इंच झाला की वाकण्यास होणारा विरोध सोळा पट वाढतो, आणि स्लेडमुळे बिट कोलेटच्या (शँक पकडणाऱ्या राउटरच्या चिमट्याच्या) बरेच खाली लोंबत असल्याने तो फरक कापलेल्या पृष्ठभागावर सरळ दिसतो. चौकोनी पात्याला चार धारा असतात. एक बोथटली की स्क्रू सैल करून पाते पाव फेरा फिरवायचे; सागवानासारख्या, अंगातल्या सिलिकाने धार खाणाऱ्या लाकडावर ही सोय फारच मोलाची ठरते. मात्र पाते बसवण्यापूर्वी त्याची बैठक ब्रशने साफ करावी. मी एकदा कंटाळा केला, भुशाचा चिकट कण आत राहिला, आणि ते एकच पाते खाली डोकावून फळीभर बारीक ओरखडे काढत गेले. बिटासोबत आलेली किल्ली मऊ धातूची आहे. ती बाजूला ठेवून दुसरी चांगली किल्ली वापरावी, नाहीतर स्क्रूचे डोके घासते.

वेगाबाबत वेष्टनावरची कमाल मर्यादा पाळावीच. मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर ५० मिमी बिटाची कड सेकंदाला जवळजवळ ६३ मीटर वेगाने धावते, म्हणून एवढ्या मोठ्या बिटाला तो वेग देऊ नये. ३८ मिमी बिट मी १४,००० ते १६,००० फेऱ्यांवर चालवतो, एका खेपेस दीड मिमीहून अधिक घेत नाही आणि शेवटचा हात अर्ध्या मिमीचा ठेवतो. या बिटाच्या मध्यभागी धार नाही. सरळ खाली दाबल्यास मधले लाकूड न कापता घासून काळे पडते, त्यामुळे फळीच्या कडेबाहेर खोली ठरवून मगच आत शिरावे. शेवटच्या हातानंतर मला ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करता येते. पूर्वी अधिक खरखरीत ४० नंबरने पायऱ्या घासण्यात अख्खी दुपार जाई.