बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांनो, ‘जडीबुटीचा लेप’ घेण्याआधी हे वाचा

आधी हिशेब सांगते. लेपाची डबी ८५०, सोबत तेल ४५०. मग ‘पूर्ण कोर्स’ म्हणून तीन डब्या २,४०० आणि कुरिअरचे १२०. शेवटी ‘आतून रक्त साफ करणारी’ पावडर १,६५०. एकूण ५,४७० रुपये. त्यानंतर डॉक्टर आणि औषधांचे १,३४० गेले ते वेगळे. पैशांपेक्षा बाळाच्या गालाचं जास्त लागलंय मनाला.

मी गोव्यातल्या डिचोलीची. जुलैत बाळ तीन महिन्यांचं होतं. पावसात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको, धुतलेले कपडे दोन दोन दिवस ओलेच. छातीखाली आणि मानेच्या घडीत खाज सुटली, चट्टे उठले. रात्री तीन-चारदा पाजायला उठायचं आणि उरलेला वेळ खाजवत बसायचं. पावसात बाळाला घेऊन दवाखान्यात रांग लावायची हिंमत नव्हती. नणंदेने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून डबी आणून दिली, तिच्या मैत्रिणीला गुण आला होता म्हणे. मी आंधळेपणाने लावली नाही हो. डबीवरच्या नंबरवर फोन करून विचारलं, मी बाळाला पाजते, चालेल का? ती बाई म्हणाली, “बाय, यात केमिकल नाहीच. बाळानं चाटलं तरी काही होत नाही.” आई झालेल्या बाईला याहून काय ऐकायचं असतं?

आता जिथे माझे डोळे उघडायला हवे होते ते सांगते. डबीवर लिहिलं होतं हळद, मंजिष्ठा, कडुलिंब. मंजिष्ठा लाल, हळद पिवळी. सासूबाई मला हळद-खोबरेल लावायच्या तेव्हा त्यांच्या नखांत दोन दिवस पिवळं राहायचं. आणि हा लेप? पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ, बोटावर डाग नाही, कडुलिंबाचा कडवट वास नाही. सासूबाई डबी हुंगून म्हणाल्यासुद्धा, “यात हळद खंय आसा गो?” मी त्यांच्यावरच चिडले. तिसऱ्या दिवशी खाज गेली, चट्टे उतरले, मला वाटलं देवच पावला. पाल्याच्या लेपाने दोन-तीन दिवसांत असं साफ होत नाही, हे मला कळायला हवं होतं. तेलकट अंगठ्याने स्टिकरचा कोपरा सुटला होता. त्या स्टिकरवर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. फोनवरच्या त्या बाईला विचारलं तर म्हणे, “हातानं करतो बाय, लायसन्स फॅक्टरीला लागतं.” खोटं! विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध बनवायचं तर परवाना लागतोच. मी ते ऐकलं आणि त्याच दुपारी २,५२० पाठवले.

पाचव्या आठवड्यात चट्टे दुप्पट झाले, मोठाल्या गोल कडा घेऊन. लेप थांबवला की आग आग. बाळाच्या ज्या गालाला माझी छाती लागायची तिथे बारीक लाल पुळ्या. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “दोन-तीन दिवसांत उतरलं होतं ना?” मूळचा नायटा, म्हणजे बुरशीचा आजार, आणि लक्षणं लेपात स्टेरॉईड असल्याची. स्टेरॉईडने खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. कातडी पातळ होते ते वेगळंच. असली जोरदार स्टेरॉईड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत, आणि ती माझ्या बाळाच्या तोंडाशी ‘जडीबुटी’ म्हणून आली. पावडर मी खाल्ली नव्हती, तेवढं वाचले. अशा बिनानावाच्या पुड्यांत कधी कधी शिसं किंवा पारा निघतो, दोन्ही दुधातून बाळात जातात. रंग उजळवणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याचंही तेच.

तक्रार करायला गेले ती वेगळीच कथा. एका कार्यालयात सांगितलं, आयुर्वेदिक असेल तर आमच्याकडे नाही. दुसऱ्याने पावती मागितली. बाजारात पाटीवर बसणारी बाई पावती देते? यूपीआयचे स्क्रीनशॉट दाखवले तर म्हणे उघडलेली डबी नमुना म्हणून चालत नाही. बाळ कडेवर, बाहेर धो धो पाऊस, आणि साहेब जेवायला गेलेले, अडीच तास. पोलिसांनी विचारलं, “पाच हजारांसाठी?” पाच हजारांसाठी नाही, माझ्या पोरासाठी! औषध किंवा सौंदर्यप्रसाधन विकत घेणाऱ्याला फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, हे १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. मला ते घरी बसून शोधावं लागलं. टेबलावरच्या एकाही माणसाने सांगितलं नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करा. मी सतरा दिवस वाट पाहिली, तुम्ही पाहू नका.

खरं झाडपाल्याचंही जपून लावा. छातीला काही लावलंत तर पाजण्याआधी ओल्या कापडाने पुसून घ्या. कापूर, पुदिन्याचा अर्क असलेलं काही बाळाच्या नाकाजवळ नको. बाळाला अंगावर पाजत असाल तर कडुलिंबाचं तेल छातीला लावूच नका, ते पोटात जाऊन तान्ह्या बाळांना विषबाधा झालेली आहे. बोंड चिरलं असेल तर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या. आणि दोन दिवसांत जादू झाली तर घाबरा, थेट डॉक्टरकडे जा. जाताना डबी घेऊन जा, फेकू नका.

बाळाचा गाल आता स्वच्छ आहे. माझ्या मानेवर काळे डाग राहिलेत. उरलेली एक न उघडलेली डबी मी प्लास्टिकमध्ये बांधून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. त्या बाईचा नंबर अजून चालू आहे. काल तिने स्टेटस टाकलं, चवथीनिमित्त दोन डब्यांवर एक फुकट.