पवना, भंडारदरा की राजमाची? लेकराबरोबर पहिला तंबू कुठे ठोकायचा

लेक सात वर्षांची असताना आम्ही बापलेक पहिल्यांदा तंबूत झोपलो. आता ती अकरा वर्षांची आहे. मधल्या काळात ही तिन्ही ठिकाणं एकापेक्षा जास्त वेळा झाली, त्यामुळे ओळखीतले आईबाप हमखास विचारतात, "पहिल्यांदाच नेतोय, कुठे नेऊ?" त्यांच्या डोक्यात अंतर, संडास आणि खर्च असतो. ते येईलच पुढे. पण मी आधी उलटा प्रश्न टाकतो : संध्याकाळी सात ते रात्री दहा पोरगं काय करणार आहे? दिवस कुठेही निघतो. पाणी, दगड, किडे एवढं असलं की मुलांना बाकी काही लागत नाही. अंधार पडला की मात्र या तीन जागा अगदी वेगवेगळ्या होतात.

पवना

पवना धरणाच्या काठाला तंबू आधीच ओळीने लावलेले असतात. आपण दुपारी पोचायचं, चहा-भजी खायची, रात्री शेकोटीभोवती बसायचं, सकाळी पोहे खाऊन निघायचं. गाडी तंबूपासून पन्नास पावलांवर, संडासाला दार आणि कडी, लोणावळा-कामशेत हाताशी. हे ऐकून नाक मुरडणारे ट्रेकर मित्र मलाही आहेत, पण त्यांच्या पोरांनी कधी रात्री दोन वाजता "मला घरी जायचंय" म्हणून भोकाड पसरलेलं नाही. पहिल्या वेळी ते होऊ शकतं, आणि तेव्हा जवळ उभी असलेली गाडी देवासारखी वाटते.

सात ते दहाचं इथलं उत्तर मात्र शनिवारी वेगळं आणि मंगळवारी वेगळं. शनिवारी आम्ही एका कॅम्पवर स्पीकरच्या इतक्या जवळ होतो की तंबूचं कापड थरथरत होतं. लेक कानांवर उशी दाबून झोपली आणि मी बाहेर बसून कोणाचं तरी वाढदिवसाचं गाणं चार वेळा ऐकलं. त्यानंतर एकदा सुट्ट्यांत मधल्या वारी गेलो, तर तीच जागा ओळखू येईना. पलीकडे तुंग-तिकोना किल्ल्यांच्या काळ्या आकृत्या आणि पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. म्हणून पवना निवडलात तर मधलाच वार धरा, आणि फोनवर "स्पीकर किती वाजता बंद होतो?" असं विचारा. "स्पीकर असतो का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी गुळमुळीत येतं.

धरणाच्या पाण्यात उतरू देऊ नका. काठ उथळ वाटतो आणि मग एकदम खोल जातो. दुसऱ्या दिवशी लोहगड करा. पायऱ्या आहेत, एकामागून एक चार दरवाजे आहेत आणि शेवटी विंचूकाट्याची लांबलचक सोंड. सहा वर्षांचं पोरही रमतगमत चढतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. लेकीला त्याचं काही नव्हतं, तिने दरवाजे मात्र मोजले.

भंडारदरा

हे लांब आहे. मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीवरून, पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले असं. पुण्याहून थांबत थांबत गेलं तर पाच तास धरा. गाडी लागणारं पोर असेल तर आणखी एक थांबा आणि आवळासुपारी.

इथे दोन हंगाम आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिला मे अखेर ते जून मध्य, वळवाच्या सरी पडून गेल्यावर आणि पाऊस नीट लागण्याआधी. तेव्हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं भरून जातात, आणि एकेका झाडाची उघडझाप मधूनच अशी जुळते की वाटतं कोणीतरी आत बसून बटण दाबतंय. नर लुकलुकतात, माद्या उत्तर देतात. माणसाच्या दिव्याने ही सगळी बोलाचाली बिघडते. त्यामुळे टॉर्च, गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश बंद. काजवे बाटलीत भरू देऊ नका, पोराने कितीही हट्ट केला तरी. पाऊस लागला की खेळ आटोपतो. शनिवार-रविवारी मात्र रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची रांगच काजव्यांपेक्षा मोठी असते. वनखात्याचं प्रवेशशुल्क आणि रात्रीच्या वेळांची बंधनं असतात, ती त्या वर्षीची विचारून घ्या. या दिवसांत तंबूचा हट्ट धरू नका. रात्रीतून पाऊस आला तर भिजलेलं पोर घेऊन कुठे जाणार? गावात कोणाच्या घरी सोय बघा.

दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारी, आणि मला विचाराल तर खरी मजा त्यात. पाण्याच्या काठी, रतनवाडीच्या बाजूला, रात्री आठला पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेलं असतं. पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण दाखवा, खाली तो मारणारा व्याध दाखवा, वर रोहिणी, कृत्तिका. ही गोष्ट सांगायला दुर्बीण लागत नाही. ध्रुवतारा शोधायचा असेल तर पोराला हात लांब करून क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर दुसरी मूठ ठेवायला सांगा. एक मूठ साधारण दहा अंशांची, आणि आपल्याकडे ध्रुव एकोणीस-वीस अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठी. लेकीने ते केलं, तारा सापडला, आणि मग ती अर्धा तास सगळ्या आभाळाला मुठी लावत बसली. सात ते दहा कधी संपले कळलंच नाही.

थंडी मात्र चेष्टेची नाही. ती वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, तेव्हा पांघरुणापेक्षा खाली अंथरायची चटई जाड हवी. कानटोपी, दोन मोजे. पहाटे दवाने तंबू आतूनही ओला होतो, म्हणून पोराला कापडापासून लांब, मध्ये झोपवा. सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि पुष्करणी बघा. कळसूबाई, १६४६ मीटर, लोखंडी शिड्यांसकट, दहाच्या पुढच्या पोरासाठी ठेवा. बाकी भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं आणि वनखात्याची मदतवाहिनीही १९२६. हा योगायोग आमच्या घरात कोडं म्हणून वारंवार विचारला जातो, त्यामुळे क्रमांक कोणी विसरत नाही.

राजमाची

इथे गाडीतून उतरून तंबूत शिरण्याची सोय नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने पंधराएक किलोमीटर चालायचं. चढ असा फारसा नाही, पण वाट संपत नाही. कोरड्या दिवसांत उंच गाडी जाते, तरीही आठ वर्षांच्या पुढचं पोर असेल तर चालाच. आम्हाला पाच तास लागले. त्यातला एक तास वाटेतल्या वारुळाला दिला.

मुक्काम उधेवाडीत, श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याला. तंबू अंगणात ठोका, जेवण त्याच घरी. आणि सात ते दहा? चुलीपुढे. आमच्या लेकीला तिथल्या आजींनी विचारलंसुद्धा नाही, पिठाचा गोळा हातात दिला. तिची भाकरी नकाशातल्या ऑस्ट्रेलियासारखी झाली, आजींनी ती तव्यावर टाकली आणि तिलाच वाढली, पिठलं-ठेच्यासोबत. पवन्याला ती पाहुणी होती. इथे तिने पाणी आणलं, कोंबड्या झाकल्या, आणि मला "बाबा, तुम्ही जरा बाजूला बसा" असं ऐकवलं.

किंमत याची अशी की फोन धड लागत नाही आणि दवाखाना लांब आहे. दम्याचं किंवा फिट्सचं पोर असेल तर मी राजमाची सुचवणार नाही. परतीला कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरून कर्जत गाठता येतं, पण उतार तीव्र आणि मुरमाड आहे. दहाच्या आतलं पोर आल्या वाटेनेच परत न्या.

साप तिन्हीकडे आहेत. तंबूची चेन सतत बंद, बूट आत, घालण्याआधी झटकायचे, रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि मोठं माणूस सोबत. चावलाच तर मंत्र-तंत्र, ब्लेडने चिरणं काही नाही. अंग हलू न देता १०८ ला फोन, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) असलेला दवाखाना कोणता, हे जायच्या आधीच विचारून ठेवलेलं.

खर्चात पवना सगळ्यांत महाग पडतं आणि राजमाची सगळ्यांत स्वस्त. भंडारदऱ्याला पैसे पेट्रोलमध्ये जातात.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. काजवे आणि तारे दोन्हींना अमावास्येच्या आसपासचे दिवस लागतात. राजमाचीला उलट पौर्णिमा बरी, अंगणातून दोन्ही किल्ले दिसत राहतात. अमावास्येला प्रवास नको म्हणून आमच्या आईची दर वेळी कुरकुर असते. ती आणखी बऱ्याच घरांत होत असावी, कारण अमावास्येच्या शनिवारी घाटात गाड्या मला नेहमी जरा कमीच दिसल्यात.