४५ पैशांचा रेल्वे विमा: सुट्टीला निघणाऱ्या कुटुंबाच्या कितपत कामाचा?

आयआरसीटीसीवर तिकीट काढताना पैसे भरण्याआधी प्रवास विमा हवा की नको, असं विचारलं जातं. दर माणशी ४५ पैसे, करासकट. मुंबईहून वाराणसीला महानगरीचं चौघांचं तिकीट काढलं तर विम्याचे होतात १ रुपया ८० पैसे. एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हणजे त्यात काही दम नसणार, असं वाटणं साहजिक आहे, पण इथे ते खरं नाही.

अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, जखमीच्या हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाखांपर्यंत आणि पार्थिव गावी न्यायला १० हजार. रेल्वेकडून मिळणारी भरपाई वेगळी, तिच्याशी याचा संबंध नाही. शिवाय अपघात म्हणजे फक्त गाड्यांची टक्कर नव्हे. डबे घसरणं, चालत्या गाडीतून तोल जाऊन पडणं, दरोडा, जाळपोळ, दंगल हेही रेल्वे कायद्याच्या व्याख्येत बसतं. गाडीत चढता-उतरतानाचा काळ त्यात धरलेला आहे. आत्महत्या, दारूच्या नशेत ओढवून घेतलेला प्रकार आणि आजारपण मात्र बाहेर.

म्हणजे पर्याय निवडायचा, यात दुमत नको. पण खरी गडबड होते ती नंतर.

बुकिंग झालं की विमा कंपनीकडून एसएमएस आणि ई-मेल येतो. त्यात पॉलिसीची माहिती आणि नॉमिनी भरायची लिंक असते. जाहिरातींच्या ढिगात तो मेल हमखास न वाचता राहतो. तिकीट भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या लॉगिननं काढलं असेल तर मेल त्याच्याकडे जातो आणि ज्यांचा विमा आहे त्यांना पत्ताच नसतो. नॉमिनी भरला नाही म्हणून पैसे बुडत नाहीत, ते कायदेशीर वारसांना मिळतात. पण वारस असल्याचं सिद्ध करायला कागद जमवा, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवा, हे सगळं दुःखात असलेल्या घराच्या वाट्याला येतं. त्यामुळे लिंक आली की त्याच दिवशी भरून टाकावी.

आणि भरताना सवयीनं नवऱ्यापुढे बायकोचं, बायकोपुढे नवऱ्याचं नाव टाकू नये. दोघं एकाच डब्यात आहेत! नॉमिनी घरी राहणारा हवा: आई, भाऊ, लग्न झालेली बहीण, जो कोणी त्या गाडीत नाही तो. पॉलिसी क्रमांक आणि पीएनआरचा स्क्रीनशॉटही त्यालाच पाठवून ठेवावा.

काही अटी बुकिंगच्या आधीच ठाऊक असाव्यात. विमा कन्फर्म आणि आरएसी ई-तिकिटालाच मिळतो, वेटिंगला नाही. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा पर्यायच नाही. एका पीएनआरवर घेतला की त्यातल्या सगळ्यांसाठी घ्यावा लागतो. पाच वर्षांखालचं मूल बर्थ न घेता मांडीवर नेलं तर ते यात धरलं जात नाही. तिकीट रद्द केलं तर विम्याचे पैसे परत मिळत नाहीत, पण ४५ पैशांसाठी कोण भांडतंय?

आता याची मर्यादा. हा रेल्वे अपघाताचा विमा आहे, सहलीचा नाही. बॅग चोरीला गेली, गाडी दहा तास उशिरा आल्यामुळे हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाया गेलं, काशीच्या घाटावर आजोबा घसरून पडले, मुलाला जुलाब होऊन ॲडमिट करावं लागलं, यातल्या कशालाही इथून एक पैसा मिळत नाही. स्टेशनबाहेर पडून टॅक्सीत बसलात की याचं काम संपलं. आजारपणासाठी घरचा मेडिक्लेम चालतो, पण ई-कार्ड मोबाइलमध्ये आणि जिथे जाताय तिथल्या कॅशलेस हॉस्पिटलांची यादी आधीच काढलेली असावी. सोबत वयस्कर माणसं असतील किंवा हॉटेलचे पैसे आगाऊ भरले असतील तर देशांतर्गत सहलीची वेगळी पॉलिसी घ्यावी. ती घरातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. त्यातही जुन्या आजाराबद्दल आणि 'प्रवास रद्द' या कलमाखाली कोणती कारणं धरली आहेत, एवढं तरी वाचावंच. मन बदललं म्हणून रद्द केलेल्या सहलीला साधारणपणे काही मिळत नाही.

दावा करायची वेळ आलीच, तर विमा कंपनीला लगेच कळवायचं. जास्तीत जास्त मुदत चार महिने. अपघात झाल्याचा रेल्वेचा अहवाल, सही केलेला दावा अर्ज आणि बँक खात्याचा तपशील लागतो. हॉस्पिटलच्या खर्चासाठी मूळ बिलं आणि डिस्चार्जचे कागद जपून ठेवायचे. त्यामुळे घाईगर्दीत हॉस्पिटल बदलावं लागलं, तरी पहिल्या हॉस्पिटलमधून निघताना तिथले कागद हातात घेऊनच निघावं.