पहिलं कार्ड कोणत्या यंत्रासाठी: अ‍ॅपल टू की स्पेक्ट्रम?

जुन्या घरगुती संगणकांना जोडायची सर्किट कार्डं स्वतः बनवायला रत्नागिरीत माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण हे विचारतोच. माझा कौल अ‍ॅपल टूला.

१९७७ च्या या यंत्रात कार्ड बसवायच्या आठ खाचा (स्लॉट) आहेत आणि प्रोसेसरने पुकारलेला पत्ता (कोणाशी बोलायचं तो क्रमांक) ओळखण्याचं बरंचसं काम मदरबोर्डच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डच, करून देतो. प्रत्येक स्लॉटला १६ पत्ते राखीव. त्यातला एखादा प्रोसेसरने पुकारला की त्याच स्लॉटची ‘डिव्हाइस सिलेक्ट’ तारेवरचं व्होल्टेज शून्याकडे जातं. त्या तारेवर एक ७४एलएस३७४ लॅच (आलेले आठ बिट धरून ठेवणारी चिप) आणि रेझिस्टरसकट आठ एलईडी जोडा, कार्ड ४ क्रमांकाच्या स्लॉटमध्ये बसवा आणि बेसिक भाषेत पोक ४९३४४,८५ (४९३४४ या पत्त्यावर ८५ लिही) ही आज्ञा द्या: एकाआड एक दिवा लागतो. तो क्षण पाहिलेला मुलगा पुढचं आपणहून शिकतो.

१९८२ चा स्पेक्ट्रम असं काही हातात देत नाही. पत्ता तुम्हीच ओळखायचा. शिवाय त्यातली पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी यूएलए चिप प्रत्येक सम पोर्टला (उपकरणासाठीच्या पत्त्याला) उत्तर देते, म्हणून आपलं कार्ड विषम पोर्टवरच ठेवायचं. डोकं जास्त लागतं, पण बस, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं यांना जोडणाऱ्या तारांचा संच, कशी चालते हे इथेच पक्कं कळतं. म्हणून दुसरं कार्ड याचंच करा.

आपल्या हवेचाही विचार हवा. स्पेक्ट्रमचा कार्ड जोडायचा कनेक्टर, म्हणजे बोर्डच्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्या, मागे उघडाच असतो. इथल्या मिऱ्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात माझ्या यंत्राच्या पट्ट्या काळवंडल्या, आणि आठवडाभर मी चूक सर्किटमध्ये शोधत बसलो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसा. आणि दोन्हीकडे, वीज बंद केल्याशिवाय कार्ड काढू-घालू नका.