जीसीसी १४ आणि जुना सी कोड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या काही महिन्यांपासून मी डेबियन १३ वर जीसीसी १४ हा कंपायलर (सी कोडचे चालवता येणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारे साधन) वापरत आहे. त्यावर प्रामुख्याने एकच काम चालते : सभासदांच्या नोंदी वाचणारा, नावानुसार त्यांची क्रमवारी लावणारा आणि नेटवर्कवरून त्या पुरवणारा, अनेकांच्या हातांतून गेलेला एक जुना सी प्रोग्राम चालता ठेवणे. जीसीसी १३ पर्यंत हा कोड वॉर्निंगच्या लांबलचक यादीसह का होईना, पण कंपाइल होत असे. १४ वर तो पहिल्याच फाइलला अडला. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आवृत्तीने आजवर केवळ वॉर्निंग देऊन सोडल्या जाणाऱ्या काही गोष्टी थेट एरर ठरवल्या आहेत. डिक्लरेशन (फंक्शन काय घेते आणि काय परत देते याची आगाऊ घोषणा) नसलेले फंक्शन वापरणे, टाइप (मूल्याचा प्रकार) न लिहिता व्हेरिएबल घेणे, पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या मूल्याच्या) जागी पूर्णांक किंवा पूर्णांकाच्या जागी पॉइंटर देणे आणि एका टाइपच्या पॉइंटरऐवजी भलत्याच टाइपचा पॉइंटर देणे, या त्यांतल्या मुख्य गोष्टी होत. यांतल्या पहिल्या दोन तर सी भाषेच्या १९९९ च्या सी९९ मानकातूनच वगळल्या गेल्या होत्या, म्हणजे कंपायलरने पाव शतकाची सवलत दिली. ती संपली हे मला पटते, आणि ज्या एररी आमच्याकडे आल्या त्या पाहिल्यावर तर अधिकच पटते.

सर्वांत बोलके उदाहरण गेटलाइनचे आहे. हे फंक्शन फाइलमधून एक ओळ वाचते आणि बफर (वाचलेला मजकूर ठेवण्याची मेमरीतली जागा) अपुरा पडल्यास तो स्वतःच वाढवते. त्यासाठी बफरचा आकार ज्यात ठेवला आहे अशा साइझ-टी (आकारांसाठीचा चिन्हरहित पूर्णांक) टाइपच्या व्हेरिएबलचा पत्ता त्याला दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या मूल्यामध्ये) द्यावा लागतो. आमच्या कोडमध्ये तिथे साधा इंट (नेहमीचा पूर्णांक) होता. ६४ बिटी लिनक्सवर इंट ४ बाइटचा आणि साइझ-टी ८ बाइटचा असतो, त्यामुळे गेटलाइन त्या पत्त्यावरून ८ बाइट वाचते आणि नंतर तिथेच ८ बाइट लिहिते. म्हणजे शेजारी जे काही ठेवलेले असेल त्याचे ४ बाइट आकाराचा भाग समजून वाचले जातात आणि पुढे पुसलेही जातात. शेजारी काय येईल हे ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर अवलंबून असल्याने असा प्रोग्राम एका बिल्डमध्ये वर्षानुवर्षे व्यवस्थित चालतो आणि दुसऱ्या बिल्डमध्ये भलत्याच ठिकाणी कोसळतो. जीसीसी १४ चा संदेश इथे अगदी नेमका आहे : कितवे आर्ग्युमेंट चुकले, तिथे कोणता टाइप अपेक्षित होता, प्रत्यक्षात कोणता दिला, आणि सिस्टीम हेडरमधील (तयार फंक्शनांची डिक्लरेशन असलेल्या फाइलमधील) कोणत्या ओळीशी तो जुळत नाही, हे सर्व तो दाखवतो.

या एररवर कास्ट करून (मूल्य अमुक टाइपचे समजावे असे कंपायलरला सांगून) मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो, आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. इंटच्या पत्त्यापुढे साइझ-टी पॉइंटरचा कास्ट लिहिला की कंपायलर गप्प बसतो, पण मेमरीत लिहिले जाणारे बाइट तितकेच राहतात. दुरुस्ती व्हेरिएबलच्या डिक्लरेशनमध्येच करायला हवी. तसे करताना गेटलाइनने परत दिलेले मूल्य मात्र एसएसाइझ-टी या चिन्हासहित टाइपमध्येच घ्यावे, कारण फाइल संपल्यावर ते -१ असते. साइझ-टीमध्ये ठेवल्यास त्याची प्रचंड मोठी धन संख्या होते आणि मूल्य शून्यापेक्षा लहान आहे का, ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. ही दुसरी चूक १४ मध्येही एरर नाही. ती दिसण्यासाठी जादा वॉर्निंग देणारा वेक्स्ट्रा (-Wextra) हा पर्याय चालू ठेवावा लागतो.

प्रत्येक कास्ट वाईट असतो असे मात्र नाही. नेटवर्कवरची जोडणी स्वीकारणाऱ्या सॉकेटच्या अ‍ॅक्सेप्ट फंक्शनमध्ये योग्य आणि अयोग्य कास्ट असे दोन्ही प्रकार एकाच ओळीत भेटतात. त्याच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला सर्वसाधारण सॉकअ‍ॅडरचा पॉइंटर लागतो आणि आपल्याकडे आयपीव्ही४ ची सॉकअ‍ॅडर-इन ही रचना असते. तिथे कास्ट करणे हाच या लायब्ररीचा ठरलेला रिवाज आहे. तिसऱ्या आर्ग्युमेंटला सॉकलेन-टी या ४ बाइटच्या टाइपच्या व्हेरिएबलचा पत्ता लागतो आणि जुन्या कोडमध्ये तिथे बऱ्याचदा साइझ-टी सापडतो. इथला कास्ट चूक झाकतो : इंटेलसारख्या लिटल-एंडियन (संख्येचे खालचे बाइट आधी ठेवणाऱ्या) प्रोसेसरवर खालचे ४ बाइट योग्य जागी पडल्यामुळे काम भागते, बिग-एंडियन (वरचे बाइट आधी ठेवणाऱ्या) यंत्रावर तेच मूल्य शून्य वाचले जाते. आणखी एक गोष्ट जाणवली. जीएनयू सोर्स हा मॅक्रो (हेडरमधील जादा सोयी उघडणारी, फाइलच्या सुरुवातीला लिहिली जाणारी व्याख्या) असलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या आर्ग्युमेंटला कास्ट नसतानाही एरर येत नाही, कारण ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीचा हेडर तेव्हा एका पारदर्शक युनियनद्वारे (एका आर्ग्युमेंटला अनेक टाइप चालू देणाऱ्या रचनेद्वारे) ती सूट देतो. त्यामुळे एकच ओळ एका फाइलमध्ये चालते आणि दुसरीत अडते. अशा वेळी कंपायलरवर संशय घेण्याआधी फाइलचा माथा पाहावा.

क्रमवारी लावणाऱ्या क्यूसॉर्टला दिलेल्या तुलना-फंक्शनांमध्येही आम्हाला बरेच बदल करावे लागले. फंक्शनच्या पॉइंटरवर कास्ट न करता त्याची आर्ग्युमेंट्स कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर (कोणत्याही टाइपसाठी चालणारे, फक्त वाचण्यापुरते) म्हणून घ्यावीत आणि आत पहिल्याच ओळीत ती आपल्या टाइपच्या पॉइंटरमध्ये ठेवावीत, कारण जुळत नसलेल्या टाइपमधून फंक्शन बोलावणे मानकानुसार अव्याख्यायित आहे, म्हणजे काय घडेल याची हमी नाही. नवा थ्रेड सुरू करणाऱ्या पीथ्रेड-क्रिएटला दिलेल्या फंक्शनांनाही हेच लागू होते.

डिक्लरेशन नसलेल्या फंक्शनांच्या बाबतीत मात्र कंपायलरचे संदेश मला कमी पडलेले वाटले. स्ट्रपीटाइम हे तारखेचा मजकूर वाचणारे फंक्शन टाइम डॉट एच या हेडरमध्येच आहे, पण पहिल्या इन्क्लूडच्या (हेडर जोडणाऱ्या ओळीच्या) आधी एक्सओपन सोर्स किंवा जीएनयू सोर्स मॅक्रो नसेल तर हेडर ते उघड करत नाही. कंपायलर मॅक्रोबद्दल काही न सांगता, तुम्हाला स्ट्रएफटाइम म्हणायचे आहे का, असे सुचवतो. ते फंक्शन तर नेमके उलटे काम करते. नवख्या माणसाची यात हमखास दिशाभूल होते. त्यापेक्षा मॅन पेज उघडावे, तिथे आवश्यक मॅक्रो स्पष्ट दिलेला असतो. ही एरर मुळात का आवश्यक होती, हेही इथेच कळते : डिक्लरेशन नसल्यास जुना कंपायलर परत येणारे मूल्य इंट धरत असे, त्यामुळे ६४ बिटी पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडत आणि त्या पत्त्यावरून पुढचा मजकूर वाचू लागताच प्रोग्राम कोसळत असे.

ज्या एररी दिसतात त्यांच्यापेक्षा मला अधिक काळजी न दिसणाऱ्या एररींची वाटते. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादे फंक्शन सिस्टीमवर आहे की नाही हे पाहण्यासाठी छोटे प्रोग्राम कंपाइल करतात. त्या प्रोग्रामांत मेनच्या आधी इंट लिहिलेला नसेल किंवा एक्झिटसाठी हेडर घेतलेला नसेल, तर १४ मध्ये ते कंपाइल होत नाहीत आणि स्क्रिप्ट निष्कर्ष काढते की ती सोयच उपलब्ध नाही. बिल्ड पूर्ण होते, एकही एरर दिसत नाही, आणि प्रोग्राम निमूटपणे पर्यायी, संथ मार्गाने चालू लागतो. आमच्याकडे फाइल थेट मेमरीत जोडणाऱ्या एमएमॅपच्या बाबतीत हेच घडले होते. जुन्या आणि नव्या कंपायलरने तयार झालेल्या, स्क्रिप्टचे निष्कर्ष साठवणाऱ्या कॉन्फिग डॉट एच फाइली शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि तो १४ वर जाणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावा. शक्य असेल तर स्क्रिप्ट नव्या ऑटोकॉन्फने (अशा स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनाने) पुन्हा तयार करून घ्यावी.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना एक चूक जीसीसी १४ अजूनही दाखवत नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि ते तिन्ही बाइट १२७ पेक्षा मोठे असतात. इंटेलवर साधा कॅर (एका बाइटचा अक्षर-टाइप) चिन्हासहित असल्याने त्यांची मूल्ये ऋण होतात. अशी मूल्ये अक्षर आहे का हे तपासणाऱ्या इझअल्फाला किंवा कॅपिटल अक्षर करणाऱ्या टूअपरला देणे मानकाबाहेरचे आहे, पण ग्लिबसीचे तक्ते -१२८ पासून सुरू होत असल्यामुळे चूक दबून राहते. निदान अनसाइन्ड कॅरचा कास्ट करावा, आणि अक्षर ओळखायचेच असेल तर मजकूर आधी वाइड कॅरेक्टरमध्ये (संपूर्ण चिन्ह एकाच मूल्यात ठेवणाऱ्या टाइपमध्ये) बदलून घ्यावा.

१४ मधल्या या सर्व एररींना पुन्हा वॉर्निंग बनवणारा एफपर्मिसिव्ह हा पर्याय मी फक्त ज्याचा सोर्स बदलण्याची मुभा नाही अशा बाहेरच्या कोडसाठी ठेवला आहे, आणि तिथेही केवळ त्या फाइलींपुरता. ज्यांना थेट एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ वर जायचे आहे त्यांनी आधी जीएनयू१७ हे सी भाषेचे जुने मानक स्पष्ट लिहून १४ मधल्या या एररी निस्तराव्यात. १५ मध्ये न सांगता धरले जाणारे मानक जीएनयू२३ झाले आहे आणि त्यात रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा होतो, त्यामुळे रिकाम्या कंसाने लिहिलेले सिग्नल-हँडलर (सिस्टीमकडून सूचना आल्यावर चालणारी फंक्शने) इंट घेणाऱ्या टाइपशी जुळेनासे होतात. दोन्ही आवृत्त्यांच्या एररी एकदम अंगावर घेतल्या, तर कोणती कशामुळे आली हे शोधण्यातच वेळ जातो.