डिकीच्या शॉकरमध्ये 'गॅस भरून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा

डिकीचं झाकण वर उचलून धरणाऱ्या दोन शॉकरांत नायट्रोजन भरायचे १,८०० रुपये. 'इम्पोर्टेड' सिलिकॉन स्प्रेचे ६५०. शॉकर ट्रीटमेंटचे ६००. मजुरी ३००. एकूण ३,३५० रुपये मी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या एका गल्लीतल्या गाळ्यात मोजून आलो. आणि गाडीच्या डिकीचा नेहमीचा गॅस शॉकर कारखान्यात एकदाच भरून सील करतात, गॅस परत भरायला त्याला व्हॉल्व्हच नसतो, हे मला नंतर कळलं.

आता कुणी म्हणेल, एवढं साधं माहीत नव्हतं? नव्हतं. मी बँकेत नोकरी करतो, शॉकर फोडून बघायची वेळ कधी आली नाही. मे महिना, गावाला जायची घाई, डिकी वर थांबेना, आणि समोरचा माणूस शुद्ध मालवणी हेल काढून "साहेब, कंपनीचा ओरिजिनल माल आहे, कशाला टाकताय? नवीन घेतलात तर डुप्लिकेट गळ्यात मारतील" म्हणतोय. डुप्लिकेटची भीती घालून गिऱ्हाइकाला जुन्यातच अडकवायचं, ही अशा गाळेवाल्यांची रीत. मला वाटलं, आपला माणूस आहे, खरं सांगतोय.

पण तिथे तीन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या आणि त्या आठवल्या की अजून जेवण जात नाही. शॉकरच्या नळकांड्यावर 'उघडू नका, आत उच्च दाब' असं इंग्रजीत छापलेलं होतं. मी ते वाचलंसुद्धा. स्प्रेच्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, एमआरपी नाही, तारीख नाही, नुसतं एक लाल स्टिकर. आणि 'ट्रीटमेंट' ४ नगांची लावली होती, दोन डिकीचे, दोन बॉनेटचे. माझ्या गाडीच्या बॉनेटला शॉकर नाहीतच हो! साधी लोखंडी काडी आहे, हाताने लावायची. मी बिल बघितलं, आकडा बघितला, आणि गूगल पे उघडलं. पैसे गेले ते दुकानाच्या नावावर नाही, कुठल्यातरी बाईच्या नावावर.

पण खरी कमाल पुढेच. शॉकर परत बसवल्यावर डिकी हळूहळू खाली येत होती. तर म्हणतो, "गाडी तासभर उन्हात राहू द्या, गॅस सेट होतो." आणि खरंच, भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीची डिकी वर टिच्चून उभी राहिली! मी खूश. वायू तापला की दाब वाढतो, हे शाळेत पाठ करून मार्क मिळवले होते. मरायला टेकलेला शॉकरही उन्हात थोडा वेळ तग धरतो. पहाटे निघताना मेहुणा बॅगा ठेवत होता आणि डिकी त्याच्या पाठीवर आली. सासरी आता हा किस्सा प्रत्येक पंगतीला निघतो.

म्हणून शॉकर तपासायचा तर सकाळी, गाडी थंड असताना. हात सोडला आणि डिकी खाली आली, की शॉकर संपला. नळकांड्यातून आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवर तेलाचा ओलावा दिसला तर आतला गॅस आणि तेल अडवणारं सील गेलं. कुठलंही वंगण गेलेला गॅस परत आणत नाही. रॉडवर तर काही फवारूच नका. चिकट रॉडवर धूळ बसते आणि तीच सीलखाली जाऊन सील घासते. स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, बास. करकर येत असेल तर ती बहुतेक दोन टोकांच्या बॉल-सॉकेटमधून किंवा बिजागरीतून. सॉकेटला थोडं सिलिकॉन ग्रीस, बिजागरी आणि लॅचला पांढरं लिथियम ग्रीस. डब्ल्यूडी-४० गंजलेला नट सोडवायला ठीक, पण ते ग्रीसचं काम करत नाही, उलट असलेलं ग्रीस धुऊन काढतं. त्या महाशयांनी माझ्या रॉडवर जे फासलं त्याला रॉकेलचा वास येत होता.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. पोलीस ठाण्यात ड्यूटीवरचे साहेब म्हणाले, "डिकीचा शॉकर? मला वाटलं गाडी चोरीला गेली." मग, "पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मामला आहे." साधा अर्ज घेऊन शिक्का मारून द्या म्हटलं, तर उद्या या. उद्या गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला. नावाशिवायच्या डब्याची तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथला बाबू विचारतो, डबा त्याने विकला की वापरला? म्हटलं, वापरला, पण पैसे माझ्याकडून घेतले. "मग ती सेवा झाली, आमच्याकडे येत नाही." डब्याचा फोटो दाखवला, तर डबाच आणा म्हणे. आता डबा आणायला त्याच गाळ्यात जाऊ, "भाऊ, पुरावा द्या" म्हणत? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून जेवणाच्या सुट्टीवर. या सगळ्यात माझी रजा गेली ती वेगळीच. ३,३५० रुपयांसाठी कोण एवढं धावणार, हे त्या गाळेवाल्याला पक्कं माहीत आहे. त्याचा धंदा यावरच चालतो.

ओळखीच्या वकिलाने सांगितलं, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद कर. मग पहिलाच प्रश्न: पक्कं बिल आहे का? माझ्याकडे वहीतला फाडलेला कागद, त्यावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर. तेव्हा पक्कं बिल मिळत नसेल तर चावी उचला आणि निघा. क्यूआर कोडवर कुणाचं नाव येतंय ते पिन टाकायच्या आधी वाचा. पैसे देण्याआधी बिलातला नग आणि गाडीतला नग जुळवा.

नवी जोडी दुसऱ्या दुकानातून पक्क्या बिलावर १,४०० रुपयांना मिळाली. घ्यायची तर जोडीच, एकच बदलला तर डिकी वाकडी ओढते. काठीचा भक्कम टेकू दिला, बारीक स्क्रू ड्रायव्हरने क्लिप सैल केली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच बसवले. डिकी बंद असताना रॉड साधारणपणे खालच्या बाजूला हवा, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं. त्या गाळेवाल्याने दोन्ही उलटे लावले होते.

जुने दोन्ही अजून बाल्कनीत पडलेत. भंगारवाल्याला देणार, पण आधी बजावून: संपलेल्या शॉकरातही दाब उरलेला असतो, कटर किंवा आग लावायची नाही.